हॅडली वकिलांनी टोपी काढली

“तुम्ही मंडळी दुपार टळल्यावर या,” स्नीड म्हणाला. “दिवस कलायला लागल्यावर आलात तर आणखी उत्तम.”

मी घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकत होतो. तोंडात खिळे धरलेले, त्यामुळं लगेच उत्तर देता येईना. घोडी हॅडली वकिलांची. वकीलसाहेब स्वतः माझ्या भट्टीजवळच्या ओंडक्यावर बसून चाकूनं सफरचंद चिरून खात होते आणि यातलं काही आपल्याला ऐकूच येत नाही असा चेहरा त्यांनी केला होता. स्नीडचं गावात वाणसामानाचं दुकान होतं, पण निवडणूक आली की तो दुकान बायकोवर टाकून वकिलांच्या मागं हिंडायचा. उत्तर-दक्षिणेच्या लढाईआधी दोनदा त्यानं त्यांना केंटकी राज्याच्या विधिमंडळात पोचवलं होतं. हे तिसऱ्यांदा. या खेपेला जिंकले की पुढं थेट वॉशिंग्टन, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता.

मी खिळे हातात काढले. “गेल्या साली उशिराच आलो होतो, मिस्टर स्नीड. कर्नल रॅन्सडेलची माणसं पुढं गर्दी करून उभी, हलता हलेनात. सूर्य मावळला, कारकुनानं वही मिटली आणि आम्ही आलो तसे घरी गेलो.”

“अरे, पण सकाळी आलात तर माझी पंचाईत होते ना!”

त्याची पंचाईत काय ते आधी सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ती रीत ठाऊक नाही. तेव्हा आमच्याकडं चिठ्ठी टाकून मत देत नसत. तोंडानं द्यायचं. कोर्टाच्या ओसरीवर टेबल मांडलेलं असे, त्यामागं कारकून आणि टेबलाच्या दोन अंगांना दोन खुर्च्यांवर दोन उमेदवार. पायऱ्या चढून जायचं, आपलं नाव सांगायचं आणि मत कुणाला ते सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलायचं. मग ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार खुर्चीतून उठणार, डोक्यावरची टोपी काढणार आणि म्हणणार, “आभारी आहे, मिस्टर अमुक.” समोरचा दारूनं झोकांड्या खात असला तरी त्याला मिस्टर. अंगावर धड सदरा नसला तरी मिस्टर. तेवढ्या एका शब्दासाठी डोंगरातली कित्येक माणसं पहाटे उठून पायी चालत यायची.

आम्हा काळ्या माणसांना मताचा हक्क नुकता मिळाला होता. आता आमच्यातल्या कुणी ओसरीवर जाऊन हॅडलींचं नाव घेतलं, तर हॅडलींनी काय करायचं?

“डोंगरातले शेतकरी न्याहारी करून निघतात,” स्नीड बोटं मोडत म्हणाला. “सगळे आपले. पण त्यांच्या डोळ्यांदेखत अँब्रोजनं काळ्या लोहारापुढं टोपी काढली, तर त्यातला एकही आपला राहायचा नाही. अरे अँब्रोज, तू तरी बोल काहीतरी!”

“सफरचंद गोड आहे,” हॅडली वकील म्हणाले.

“बघ! हा असा! आणि याला मी वॉशिंग्टनला नेणार!”

मला मात्र हॅडली निवडून यायला हवे होते. स्नीडपेक्षाही, खुद्द हॅडलींपेक्षाही मला जास्त हवे होते. माझी मुलगी कर्नल रॅन्सडेलच्या घरात अडकलेली होती.

लढाईआधी आम्ही तिघंही कर्नलची मालमत्ता होतो. मी पळून उत्तरेच्या फौजेत भरती झालो तेव्हा डॉर्कस पाच वर्षांची होती. जाताना तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती : आपलं आडनाव टॅलबट. गुलामी संपली, माझी बायको किझाया बाहेर पडली. पण तोवर कर्नलनं कोर्टातून कागद करून घेतला होता : डॉर्कस नावाची निराधार मुलगी, बापाचा ठावठिकाणा नाही, आईला पोसायची ऐपत नाही, सबब अठरा वर्षांची होईपर्यंत घरकाम शिकण्यासाठी कर्नलच्या ताब्यात. मी अंगावर फौजेचा कोट घालून परत आलो, तर मीच बेपत्ता! हॅडली वकिलांनी माझा खटला फुकट चालवला. कोर्टात मी उभा राहिलो, तोंड उघडलं, तोच कर्नलचा वकील म्हणाला की या राज्याच्या कायद्यानं काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही. न्यायाधीशांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. खटला तिथंच संपला.

बाहेर पडताना हॅडली एवढंच म्हणाले, “हा कायदाच बदलायला हवा. त्याशिवाय तुझी पोर सुटायची नाही.” आणि ते निवडणुकीला उभे राहिले. समोर कोण, तर कर्नल रॅन्सडेल.

म्हणून त्या दिवशी मी हातोडा खाली ठेवला आणि म्हटलं, “मी एक सुचवू का? आम्ही सकाळीच येतो. पण वकीलसाहेबांनी उठायचं नाही. टोपी काढायची नाही, आभार मानायचे नाहीत. आम्ही नाव घेऊ आणि चालते होऊ. आमच्यातल्या कुणाला राग येणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवतो.”

स्नीडचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, हा आता मला मिठी मारतो. “अँब्रोज, ऐकलंस? याला म्हणतात डोकं!”

हॅडली चाकू विजारीला पुसत होते. “तुला चालेल, एझरा?”

“मला माझी पोर हवीय, साहेब. टोपी नकोय.”

त्यांनी चाकू मिटून खिशात टाकला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून कण्हत उठले. तरुणपणी वर्षानुवर्षं घोड्यावर बसून या गावच्या कोर्टातून त्या गावच्या कोर्टात हिंडल्यानं त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. “बरंय,” ते म्हणाले. “तशीही दिवसभर उठबस करण्याची यांची लायकी राहिलेली नाही.”

घरी आल्यावर मी किझायाला सगळं सांगितलं. ती मक्याचं पीठ मळत होती.

“आणि तो उठला तर?”

“उठणार नाही. शब्द दिलाय.”

“त्यानं शब्द दिलाय, का गुडघ्यांबद्दल बोलला?”

मी आठवून बघितलं. “गुडघ्यांबद्दल बोलला.”

“माणूस चांगला आहे,” किझाया म्हणाली. “म्हणूनच मला भीती वाटते त्याची.”

दुसऱ्या दिवशी रविवार. ब्रदर एनॉकनी प्रवचन केलं. आमच्या मंडळीत सगळेच ब्रदर आणि सिस्टर, पण एनॉक आमचे उपदेशक. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. बोलणं कुठं सुटलं आणि सूर कुठं लागला ते कधी कळायचंच नाही. एखादा शब्द जरा लांबायचा, मागच्या बाकावरून कुणी सिस्टर तो झेलायची, पाय ठेका धरायचे, आणि बघता बघता लाकडी फळ्यांचं ते एवढंसं चर्च एका श्वासात वर-खाली व्हायला लागायचं. उभ्या आयुष्यात त्यापेक्षा गोड मी काही ऐकलेलं नाही. स्वर्गात गेल्यावर निराळं काही ऐकावं लागलं, तर माझी थोडी निराशाच होईल. त्या दिवशी एनॉकनी मतदानाचं नावसुद्धा काढलं नाही. शेवटी कपाळ पुसत इतकंच म्हणाले, “घसे जपा रे. उद्या लागतील.”

सोमवारी सकाळी आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून चर्चपासून निघालो. चौकात कर्नलनं मेजवानी मांडली होती. आगीवर अख्खं डुकर फिरत होतं, लांबलचक टेबलांवर मक्याचे पाव रचलेले, झाडाखाली व्हिस्कीचं पिंप. मत कुणालाही द्या, पण जेवून जा, ही त्या दिवसाची रीत. वाढायला कर्नलच्या घरची नोकरमंडळी होती. त्यांच्यात ती होती.

मी तिला चालीवरून ओळखलं. किझायासारखीच डावा खांदा किंचित पुढं काढून चालत होती. बारा वर्षांची झाली होती. पांढरा एप्रन, हातात पावांचं ताट. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. कर्नलच्या घरी तिला सांगितलेलं, तुझा बाप कोण ते देवालाच माहीत.

“ब्रदर एझरा,” एनॉक मागून हळूच म्हणाले, “पुढं बघ.”

रांग सरकत होती. डोंगरातले शेतकरीही यायला लागले होते आणि आमच्या मागंपुढं मिसळून उभे होते. माझ्या आधी कर्नलचा गाडीवान होता, आमच्यातलाच, पांढऱ्या केसांचा. त्यानं मान खाली घालून कर्नलचं नाव घेतलं. कर्नल खुर्चीतून हलला नाही. पायावर पाय तसाच. “शाब्बास, अंकल,” तो म्हणाला. “जा, खाऊन घे काहीतरी.” म्हाताऱ्या काळ्याला मिस्टर म्हणायचं नसलं की गोरे अंकल म्हणत. लोक हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता. असंच असतं, असं ते हसणं होतं.

आता मी. कारकुनानं वर बघितलं.

“नाव?”

“एझरा टॅलबट.”

“काम?”

“लोहार.”

“मत कुणाला?”

याच इमारतीत मी याआधी एकदा तोंड उघडलं होतं आणि मला बसवलं होतं. आता कारकून टाक दौतीत बुडवून माझ्या ओठांकडं बघत होता. मी बोलल्याशिवाय त्याला लिहिताच येणार नव्हतं. मी एकवार हॅडलींकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि नजर समोरच्या झाडावर लावली होती. मला हायसं वाटलं.

“अँब्रोज हॅडली,” मी म्हणालो. माझ्या अंदाजापेक्षा आवाज फारच मोठा निघाला.

मी वळलो. ठरल्याप्रमाणं पायरीवर पाऊल ठेवलं. आणि मागं कड् असा आवाज झाला. गुडघ्याचा.

नको, मी मनात म्हटलं. साहेब, नको.

वळून बघितलं तर हॅडली वकील उभे होते. टोपी हातात. डोक्यावरचे चार केस वाऱ्यानं उभे राहिलेले.

“आभारी आहे, मिस्टर टॅलबट,” ते म्हणाले. सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं.

आगीवरच्या डुकराची चरबी चरचरत होती, तेवढाच काय तो आवाज. पायरीवर बसलेल्या स्नीडनं डोकं दोन्ही हातांत धरलं. कर्नल सावकाश हसला, चांगले पत्ते हातात आलेल्या माणसासारखा.

“हॅडली!” रांगेतून एक लालबुंद मानेचा शेतकरी ओरडला. “तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“आता टोपी नाहीये वर,” हॅडली म्हणाले. “नीट बघून घे.”

कुणी हसलं नाही. शेतकऱ्यानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि रांग सोडून चालू लागला. त्याच्या मागं त्याचे भाऊ. मग आणखी काही जण. काही मात्र गेले नाहीत. ते पायऱ्या चढून वर आले आणि हॅडलींच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी कर्नलचं नाव घेतलं.

माझ्यानंतर ब्रदर एनॉक. कड्. “आभारी आहे, मिस्टर फील्ड्स.” त्यांच्यानंतर चांभारकाम करणारा ज्यूपिटर, ज्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. कड्. “आभारी आहे, मिस्टर कॉब.” आमच्यातल्या प्रत्येकासाठी ते उठले. शेवटी शेवटी टेबलाचा आधार घेऊन उठत होते.

सूर्य मावळताच कारकुनानं वही मिटली आणि आकडे वाचून दाखवले. कर्नल रॅन्सडेल थोडक्या मतांनी निवडून आला होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. कायदा त्याच हिवाळ्यात बदलला. हॅडलींशिवाय, कर्नलनं विरोधात मत दिलं तरी बदलला. बाकीच्या जिल्ह्यांतून पुरेशी माणसं निघाली. वसंतात मी कोर्टात उभा राहिलो, शपथ घेतली, मनसोक्त बोललो आणि मला कुणी बसवलं नाही. कर्नलचा कागद रद्द झाला. हॅडली मात्र पुन्हा कधीच निवडून आले नाहीत. स्नीडनं आणखी एकदा प्रयत्न करून बघितला, पण लोक त्यांना ‘मिस्टरवाला वकील’ म्हणायला लागले होते. ज्यांना सगळे वॉशिंग्टनला पाठवायला निघाले होते, ते म्हातारपणापर्यंत आमच्या गावात बांधाबांधावरून भांडणाऱ्यांचे खटले लढवत बसले.

हे सगळं नंतरचं. मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ.

मी घरी आल्या आल्या भट्टीवर गेलो आणि थंड लोखंडावर घण घालत सुटलो. करायचं काही नव्हतं. नुसता घालत होतो. फाटकाशी घोडी थांबली. हॅडली उतरले, लंगडत आत आले आणि ओंडक्यावर न बसता माझ्यासमोर उभे राहिले.

“बोल,” ते म्हणाले. “त्यासाठीच आलोय.”

मग मी बोललो. एवढं मी फौजेतही कुणाला बोललो नव्हतो. म्हटलं, टोपी मी मागितली होती का तुमच्याकडं? म्हटलं, तुम्हाला मोठं मन दाखवायचं होतं, ते माझ्या पोरीच्या जिवावर? सकाळी ती माझ्या शेजारून गेली, साहेब! हातभर अंतरावरून! आता ती अठराची होईपर्यंत मी काय करू? ते टोपी छातीशी धरून ऐकत राहिले.

“बसूनच राहायचं ठरवलं होतं मी,” माझा दम संपल्यावर ते म्हणाले. “देवाशपथ, एझरा. स्नीडला वचन दिलं होतं. सकाळपासून मनात घोकत होतो, बसून राहा, अँब्रोज, बसून राहा. खुर्ची किती घट्ट धरली होती, बघितलंस ना?”

“मग?”

“तू नाव घेतलंस. आणि त्या इमारतीत तुला खाली बसवलं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं आला. तेव्हाही मी शेजारी बसूनच होतो.” त्यांनी मान हलवली. “पुन्हा नाही जमलं मला.”

राग गेला नव्हता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती.

“पुरे आता,” किझाया घराच्या दारातून म्हणाली. “पाव गार होताहेत. वकीलसाहेब, तुम्हीही या.”

आमच्या टेबलाशी तोवर कुणी गोरा माणूस जेवला नव्हता. हॅडली संकोचले, मग आले. आम्ही दाराशी पोचतो, तोच फाटकाची कडी वाजली.

पांढरा एप्रन अजून अंगावर होता. बूट हातात घेतलेले, पाय धुळीनं माखलेले; कर्नलचा मळा गावापासून बराच लांब, आणि ती सडकेनं नाही, शेतांतून आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हॅडलींकडं बघितलं, मग आईला न ओळखता किझायाकडं वळून विचारलं, अगदी कर्नलच्या घरी शिकवलेल्या अदबीनं :

“मॅडम, मिस्टर टॅलबट इथंच राहतात का?”

उत्तर मीच द्यायला हवं होतं. पण सकाळी सगळ्या चौकाला ऐकू गेलेला माझा आवाज आता कुठं गेला होता कोण जाणे. किझायानं इतकी वर्षं रात्रंदिवस ठरवून ठेवलं होतं, पोर भेटली की काय काय बोलायचं ते. त्यातलं तिला काहीही आठवलं नाही.

“जेवलीस का गं?” ती म्हणाली.

डॉर्कसनं मानेनंच नाही म्हटलं आणि आत आली.

“कायद्याच्या भाषेत ती पळून आलीय,” हॅडली माझ्या कानाशी म्हणाले. “सकाळी कर्नलचा माणूस येईल. मी इथंच असेन. कागदातल्या पहिल्या ओळीवर हरकत घेईन, मग दुसरीवर, मग तिसरीवर.”

“असं किती दिवस चालेल?”

“सगळा हिवाळा,” ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसले. “मला आता राजधानीला कुठं जायचंय? वेळच वेळ आहे.”

आम्ही टेबलाशी बसलो. मी, हॅडली, किझाया. डॉर्कससाठी चौथी खुर्ची ओढली, पण ती बसेना. मला वाटलं लाजतेय. तिनं फळीवरचा पाण्याचा जग उचलला आणि माझ्या खुर्चीमागं भिंतीला पाठ लावून, ताठ उभी राहिली. कुणाचा पेला रिकामा होतोय इकडं लक्ष ठेवून. माणसं जेवत असताना आपण उभं राहायचं असतं, एवढंच तिला जेवणाबद्दल ठाऊक होतं. मी पेला अर्धा केला, तर ती पुढं होऊन, एक थेंब न सांडता, तो भरून पुन्हा मागं सरली.

हॅडलींनी हातातला पाव खाली ठेवला.

किझाया उठली. पोरीच्या हातातून तिनं जग काढून घेतला, तिला खांद्याला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं, तिच्यापुढं पाव मोडून ठेवला, पेला भरला. मग तो जग दोन्ही हातांत धरून तिच्या खुर्चीमागं भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“सावकाश खा,” ती म्हणाली.

डॉर्कसचं पोट भरेपर्यंत ती तशीच उभी होती.